अकरा ढेपांची तुला

"पेन्शन वाढणार नाही!" दिवाण त्र्यंबकपंतांनी अर्ज न वाचताच परत सरकवला. "राज्याभिषेकाच्या साली जे ठरलं, ते ठरलं. नियम म्हणजे नियम!"

समोर कुंभेरी संस्थानाच्या सरकारी पेढीतले एकतीस निवृत्त कारकून उभे होते. उभे म्हणजे काय, निम्मे काठीवर आणि निम्मे एकमेकांवर टेकलेले! उभ्या हयातीत त्यांनी पेढीतला छदाम इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. वीस वर्षांपूर्वी महिन्याला बारा रुपये ठरले, ते आजही बाराच. तेल वाढलं, डाळ वाढली, वैद्याची पुडी तिप्पट झाली. वाढले नाहीत ते हे बारा रुपये.

म्हाताऱ्यांची गल्ली मात्र अलीकडे भलतीच धार्मिक झाली होती. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा! दाजीबा पोतनीस तर उरलेल्या दिवशीही ताट बाजूला सारत.

"अहो, आज रविवार. आज कुठला उपवास?" त्यांच्या पत्नीने, सगुणाबाईंनी विचारलं.

"आज... सूर्यनारायणाचा!" दाजीबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

सगुणाबाईंचा जन्म व्रतवैकल्यांत गेला होता. उपवास कशाला म्हणतात आणि उपाशी राहणं कशाला, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. "देवाच्या नावावर दिवाणांचं पाप खपवू नका!" म्हणून त्यांनी पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

सर्जेराव महाराजांनी गाऱ्हाणं ऐकलं आणि दिवाणांकडे पाहिलं.

"महाराज, ही माणसं आठवड्यातले चार दिवस जेवतच नाहीत," दिवाण म्हणाले. "खरं तर पेन्शन कमीच करायला हवं!"

दरबार खो खो हसला. महाराजांनाही चेव आला.

"बाई, एक पैज लावू. माझ्या वाढदिवसाला सहा दिवस आहेत. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत माझ्या तोंडून भर लोकांत 'वाढवा' हा शब्द काढून दाखव. निघाला, तर पेन्शन वाढलं. नाही निघाला, तर आहे तेही बंद!"

बारा रुपयेही गेले तर दाजीबांच्या डोळ्यांतलं औषध कुठून आणायचं? सगुणाबाईंनी मनातल्या मनात देवीला हात जोडले आणि नम्रपणे विचारलं, "महाराज, राज्याभिषेकाच्या साली ठरलेलं काहीच बदलत नाही ना?"

"काहीच नाही!" महाराज आणि दिवाण एका सुरात म्हणाले.

"मग लावली पैज!"

पुढचे सहा दिवस महाराज फार जपून बोलत होते. दिव्याची वात मोठी करायची तर नुसती खूण करत!

वाढदिवस उजाडला. गादीवर बसताना महाराजांनी कुलस्वामिनीला नवस केला होता. दर वाढदिवसाला स्वतःची तुला करायची, म्हणजे भारंभार गूळ तोलायचा आणि प्रजेला वाटायचा. एकदा पारड्यात बसलं, की दोन्ही पारडी समान होईपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही, तोंडात कण घालायचा नाही. गूळ रचायचा मान दरसाल पेढीतल्या एका घरच्या सुवासिनीला मिळे, आणि यंदाची पाळी होती पोतनिसांची!

सनई वाजली. महाराज पारड्यात बसले आणि पारडं धपकन जमिनीला टेकलं. सगुणाबाईंनी दुसऱ्या पारड्यात एक, दोन, तीन अशा सहा ढेपा रचल्या, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि हात पुसून त्या बाजूला उभ्या राहिल्या.

महाराज जमिनीवर, गूळ अधांतरी!

"थांबलीस का?" महाराज म्हणाले.

"झालं की! राज्याभिषेकाच्या साली सहाच ढेपा लागल्या होत्या. जे ठरलं, ते ठरलं."

"अगं, तेव्हा मी काडी होतो!"

"तेव्हा डाळही स्वस्त होती, महाराज."

लोकांत खसखस पिकली. मुदपाकखान्यातून पुरणपोळीचा घमघमाट आला. पहाटेपासून उपाशी असलेल्या महाराजांच्या पोटात कावळे कोकलू लागले. उतरावं तर नवस मोडतो, बसावं तर जीव जातो!

"ठेव अजून," महाराज दबक्या आवाजात म्हणाले.

"अजून म्हणजे नेमकं काय करू? मोघम हुकमावर पेढीतून कवडी हलत नाही. हा दिवाणसाहेबांचाच नियम!"

दिवाण छताकडे बघू लागले. भटजी पंचांगात तोंड घालून बसले. दुपार कलली आणि मुदपाकखान्यातून निरोप आला, "महाराज, भजी निवाली!"

"अहो बाई, वाढवा!" महाराज गरजले. "गूळ वाढवा! लवकर वाढवा!"

"तीनदा म्हणालात, महाराज. एकदाच पुरे होतं!" सगुणाबाई हसल्या आणि भराभर ढेपा रचू लागल्या. अकराव्या ढेपेला दोन्ही पारडी समान झाली.

महाराजांनी त्या अकरा ढेपांकडे पाहिलं. मग पोट धरधरून असे हसले, की पारडी पुन्हा हिंदकळली!

"हुकूम लिहा! पेन्शन आजपासून दुप्पट. दरसाल तुलेच्या दिवशी बाजारभाव बघून ते नव्याने ठरेल. आणि दिवाणजी, तुमचा पगार वीस वर्षांत किती वेळा वाढला?"

"स... सात वेळा."

"अरेरे, नियम मोडला! तो राज्याभिषेकाच्या सालाएवढा करा."

"महाराज, तेवढ्यात माझं कसं भागायचं?" दिवाणांना घाम फुटला.

"सोमवारपासून सुरुवात करा, दिवाणसाहेब," सगुणाबाई मायेने म्हणाल्या. "मग गुरुवार धरा, मग शनिवार. सवय होते हळूहळू. आमच्या गल्लीत वारांची यादी तयार आहे, पाठवून देते!"

त्या दिवशी पहिली पंगत एकतीस म्हाताऱ्यांची बसली. तुपाची वाटी घेऊन महाराज स्वतः वाढायला आले आणि दाजीबांपाशी थबकले.

"पोतनीस, आज शनिवार. उपवास असेल ना तुमचा?"

दाजीबांनी दोन्ही हातांनी ताट पुढे केलं. "छे, महाराज! आज वीस वर्षांचं पारणं!"