खुरटाळची हद्द

फार फार वर्षांपूर्वी, राजांना आपल्या राज्याची चित्रं काढून भिंतीवर टांगायचा नाद नुकताच लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी नीट ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच नीट ऐकावी. एका उघड्या माळावर एका परक्या माणसाच्या छत्रीभोवती तीन वस्त्यांची माणसं भांडत होती. भांडण इतकं तापलं होतं, की कोण कुणाला काय म्हणतंय ते छत्रीखालच्या माणसाला कळेनासं झालं होतं.

"आधी कोयता तुमचा चालला!"

"आमचा? अरे, आमची मोहळं उठून गेली ती कुणामुळं?"

"मोहळं गेली म्हणे! आमच्या शेळ्या दगड चाटून मेल्या, त्याचं काय?"

"आणि आमची कातडी सडली ती? कमवायला साल कुठून आणायची आता, तुझ्या डोक्याची काढून?"

सगळे ओरडत होते. एकटी कोंडाई बाजूला उभी होती. सत्तरी ओलांडलेली, अनवाणी, हातात घडी केलेलं एक फडकं. एरवी कुठल्याही भांडणात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आज ती गप्प होती, आणि गप्प का होती ते तिथं दोघांनाच ठाऊक होतं. एक ती, दुसरा तिचा मुलगा भैरू.

त्या मुलखाला खुरटाळ म्हणत. वर काळ्या खडकाचा उभा कडा, खाली चार महिने वाहणारी आणि आठ महिने वाळू होऊन पडणारी नदी. कड्यापासून नदीपर्यंत अर्ध्या दिवसाची वाट, पण त्या वाटेत माणसाच्या खांद्याच्या वर जाणारं एक झाड नव्हतं. वारा ते वाढूच द्यायचा नाही. नुसती झुडपं. नवखा माणूस म्हणायचा, इथं काय आहे? काट्यांशिवाय काही नाही. नवख्या माणसाला काय कळतंय!

कड्याच्या बाजूला करवंदीच्या जाळ्या होत्या. त्यांच्या आधारानं करवंदीवाले राहत. जाळ्यांच्या पोटात मोहळं लागत, ती हे लोक धूर न करता, नुसतं गुणगुणत काढत. मधल्या पट्ट्यात बोराटी होती. बोराटीवाल्यांच्या शेळ्या तिच्या पाल्यावर जगत, आणि तिच्या फांद्यांवर लाख धरे, त्या लाखेच्या बांगड्या बोराटीवाल्यांच्या बायका वळत. नदीकडे पिवळ्या फुलांचा तरवड होता. तरवडवाले त्याच्या सालीत कातडी कमवत आणि साऱ्या खुरटाळला वहाणा पुरवत. मध वरून खाली येई, वहाणा खालून वर जात, आणि शेळीचं दूध दोन्हीकडे.

या लोकांना कुंपण ठाऊक नव्हतं. जिथं आपलं झुडूप, तिथं आपली चूल, एवढाच त्यांचा कायदा. झुडूप काही एका जागी थांबत नाही. वणवा लागला की करवंदी मागं सरे, पाऊस बरा झाला की बोराटी पुढं येई. मग माणसंही आपल्या चुलीचे दगड उचलून चार पावलं मागंपुढं होत. कुणी कुरकुरलं तर बाकीचे हसत. पाखरानं बी टाकलं, त्याच्याशी जाऊन भांड म्हणत.

दरवर्षी पाऊस सरला की हद्द चालली जाई. ते काम काटेकरणीचं. ती डोळ्यांना फडकं बांधून अनवाणी निघे आणि तिन्ही वस्त्यांचे तीन म्हातारे हात मागं बांधून तिच्या पाठोपाठ जात. करवंदीचा काटा दुबेळक्याचा, टोकाला दोन फाटे फुटलेला. बोराटीचे काटे जोडीनं येतात, एक सरळ आणि एक आकडा. तरवडाला काटाच नाही, त्याची पानं पोटरीला मऊ लागतात. काटा बदलला की काटेकरीण थांबे, आणि म्हातारे तिथं एक दगड ठेवत. डोळे बांधलेले असायचे ते एवढ्यासाठी, की तिला स्वतःचं घरही दिसू नये. कोंडाईनं चाळीस वर्षं हद्द चालली. तिच्या दगडाला कधी कुणी हात लावला नाही. याचा तिला भारी तोरा होता, आणि तो तिला शोभतही होता.

मग राजाचा जासूद आला. म्हणाला, "महाराजांना राज्याचा नकाशा करायचाय. शिमग्याला मोजणीदार येईल. ज्या दिवशी जी हद्द दिसेल तिथं तो रेघ मारील, आणि ती रेघ कायमची."

"कायमची म्हणजे?" कोंडाईनं विचारलं.

"म्हणजे तुम्ही मेलात तरी."

"अरे बाबा, झुडूप चालतं. रेघ चालती का?"

"आजी, फिरती हद्द महाराजांना समजत नाही."

"मग महाराजांना पाठव इकडं. अनवाणी."

माणसं हसली. पण घरी जाताना कुणी हसत नव्हतं. जो तो आपल्या झुडपाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि पलीकडं बघू लागला. कायमची, हा शब्द खुरटाळात पहिल्यांदाच आला होता.

कोंडाईचं घर बोराटीच्या टोकाला होतं. तिथून तीस पावलांवर एक झिरा होता. भर उन्हाळ्यातही हात बुडेल एवढं पाणी त्या खड्ड्यात झिरपायचं. पण तो करवंदीत होता. करवंदीवाल्यांनी पाण्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. तरी दुसऱ्याच्या हद्दीतला झिरा तो, आधी त्यांचे हंडे भरायचे, मग आपला. भैरूची बायको पोटुशी होती. उन्हात कमरेवर हात ठेवून ती वाट बघत उभी राहायची, ते कोंडाईला दिसायचं.

एका दुपारी सगळी वस्ती पडलेली असताना कोंडाई दारात लाख निवडत होती. तिनं पाहिलं, भैरू कोयता घेऊन झिऱ्याकडं गेला. त्यानं करवंदीच्या तीन जाळ्या बुडातून तोडल्या आणि त्यांच्या जागी बोराटीची मुळं पुरली. माती सारखी केली, वर पाचोळा टाकला. परत येताना दोघांची नजरानजर झाली.

"तीनच होत्या, आई," तो म्हणाला.

कोंडाई उठू शकली असती. एक हाक मारली असती तर करवंदीवाले धावून आले असते. भैरूला चार शिव्या बसल्या असत्या, आणि तीन जाळ्या पुढच्या पावसात फुटल्याही असत्या. पण तिनं सुनेच्या कमरेकडं पाहिलं, झिऱ्याकडं पाहिलं, आणि मान खाली घालून ती लाख निवडायला लागली. डोळे बांधून चाळीस वर्षं खरं सांगणारी बाई डोळे उघडे असताना गप्प बसली.

चार दिवसांनी करवंदीवाल्यांना जाळ्या तुटल्याचं कळलं, कुणी तोडल्या ते नाही. ते भांडायला आले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुसऱ्या दुपारी आपल्या खालच्या अंगाची बोराटी तोडली, आणि एकदा हात बसल्यावर तोडतच गेले. बोराटीवाल्यांनी त्याची भरपाई तरवडातून केली. तरवडवाल्यांनी सूड दोघांवरही उगवला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दुपार झाली की कोयत्यांचे आवाज येत आणि प्रत्येकाला वाटे, आपला तेवढा कुणाला ऐकू जात नाही. मोहळं उठली. शेळ्या रोडावल्या. कातड्याच्या कुंड्यांना घाण सुटली. लावलेली मुळं जगण्याआधीच दुसरा उपटून टाकी. शिमगा आला तेव्हा खुरटाळात शेळीला तोंड लावायला पान उरलं नव्हतं.

मोजणीदार आला तो असा. घोडं बांधायला त्याला एक खुंट सापडेना. शेवटी नोकराच्या हातात लगाम देऊन तो कड्याच्या पायथ्याशी छत्री रोवून बसला, आणि हे भांडण त्याच्यापुढं उभं राहिलं.

"पुरे!" तो ओरडला. "हद्द सांगणारी बाई कोण ती?"

गर्दी बाजूला झाली. कोंडाई पुढं आली.

"आजी, चालून दाखव. तू थांबशील तिथं रेघ मारतो. तुझ्या शब्दावर शंका घ्यायची नाही, असं हे सगळेच म्हणतात. तेवढं एकच सगळे मिळून म्हणतात."

कोंडाईनं फडकं डोळ्यांवर बांधलं आणि पाऊल टाकलं.

मागं तीन म्हातारे, त्यांच्यामागं घोड्यावर मोजणीदार, त्याच्यामागं तिन्ही वस्त्या. ती चालली. तळव्याला धूळ लागली. आणखी चालली, धूळच लागली. एक दुबेळका काटा लागेल, एक आकडा तरी रुतेल, म्हणून ती पाऊल घासत होती, दाबून टाकत होती. पोटरीला पान लागेना. एके ठिकाणी पायाखाली भुसभुशीत खळगा आला. तिनं ओळखला. तो झिरा होता. मुळं गेली तशी माती सुटून त्यात उतरली होती, आणि तो कोरडा बुजला होता. तिचं पाऊल तिथं क्षणभर अडखळलं.

"थांबली! आमची हद्द!" कुणीतरी ओरडलं.

पण ती थांबली नव्हती. ती चालतच राहिली. एरवी या चालीला दोन दिवस लागत. त्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आत तिच्या पायाला नदीची वाळू लागली, आणि तिनं फडकं सोडलं.

मोजणीदारानं कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. "ओसाड. हद्द नाही. वस्ती नाही."

"वस्ती नाही कशी? आम्ही काय भुतं आहोत?"

"तुम्ही आहात, दिसताय मला. तुमची जागा कुठली ते दाखवा."

कुणाचा हात उचलला गेला नाही. दाखवायला झुडूप कुठं होतं?

"मोकळी जमीन राजाची," मोजणीदार कागद गुंडाळत म्हणाला. "महाराजांच्या घोड्यांना कुरण हवंच होतं. काटा नाही, सपाट आहे, पाऊस पडला की गवत येईल. आठ दिवसांत निघा."

तो गेला. माणसं वाळूत उभी राहिली. आता तरी गप्प बसतील असं वाटलं होतं, पण नाही. हरलेल्यांना एकच सुख उरतं, दुसऱ्याच्या माथी मारायचं. पुन्हा तेच सुरू झालं.

"पहिल्यांदा कुणी तोडलं ते सांगा! तो एक सापडू दे!"

"वरच्यांनी!"

"खालच्यांनी! खोटं बोललास तर जीभ झडेल!"

करवंदीचा म्हातारा कोंडाईपुढं येऊन उभा राहिला. "काटेकरणी, तुला माहीत असणार. तू कधी खोटं सांगितलं नाहीस. सांग, पहिला कोयता कुणाचा?"

भैरू वाळूकडं बघत होता. त्याची बायको त्याच्याकडं बघत होती. कोंडाईनं हातातलं फडकं नदीच्या वाळूत टाकलं आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पहिल्या तीन जाळ्या माझ्या भैरूनं तोडल्या आणि मी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं, आपल्या घरचा कोयता शेजाऱ्याच्या मुळावर चालताना जो गप्प बसतो, त्याची स्वतःची जमीन त्याच दिवशी गेलेली असते."