कोंडवाड्यातले तीन दिवस

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन राज्यांच्या सीमेवर एक ठाणं होतं. पलीकडच्या राज्यात लढाई पेटली, गावंच्या गावं जळाली. जीव वाचवून वीस-पंचवीस माणसं नदी ओलांडून ठाण्याशी आली. त्यांत बयजा नावाची एक विणकर बाई होती आणि तिची सून. सुनेचे दिवस भरत आले होते.

ठाणेदार म्हणाला, "तुम्हाला राहू द्यायचं की नाही, ते राजेसाहेब ठरवतील. निकाल येईपर्यंत कोंडवाड्यात थांबा."

कोंडवाडा मोकाट गुरांसाठी होता. खाली शेणाचा चिखल, वर छप्पर नाही, दाराला बाहेरून कुलूप. शिपाई रोज भिंतीवरून भाकरी आत टाकत.

तिसऱ्या दिवशी बयजानं चिखलातली भाकरी उचलली, पदरानं पुसली आणि ठाणेदाराला हाक मारली. सुनेनं तिचा हात ओढला. "आत्याबाई, गप्प बसा. हाकलून देतील!"

पण बयजा बोललीच. "रावसाहेब, भाकरी देता, उपकार आहेत तुमचे. तेवढी हातात द्या."

"अजून निकाल लागला नाही, आणि एवढ्यात मागण्या?"

"निकालाची वाट आम्ही पाहू, रावसाहेब. पण माझी सून आडोशाला जायला दिवसभर अंधाराची वाट पाहते. माणसासारखं जगायलाही वाट पाहायची का?"

ठाणेदारानं ती भाकरी हातात घेतली. चिखल अजून निघाला नव्हता. त्याच दुपारी त्यानं गावची धर्मशाळा उघडून दिली. न्हाणीला पडदा लावला, चुलीला सरपण दिलं, दाराला आतून कडी बसवली.

गावकरी कुरकुरले, "उद्या राजेसाहेब नाही म्हणाले तर?"

"तर जातील," ठाणेदार म्हणाला. "पण आपल्याकडून माणसांसारखी जातील."

बयजानं त्या दिवशी कडी लावली, न्हाणीच्या पडद्याआड डोक्यावरून पाणी घेतलं आणि पोटभर रडून घेतलं. घर सोडल्यापासून तिला रडायलाही जागा मिळाली नव्हती.

पंधरा दिवसांनी सून बाळंत झाली. गावची सुईण आली, कोरडी बाज मिळाली. मुलगी झाली. आणखी दोन महिन्यांनी निकाल आला: राहा.

सगळी माणसं राजाचा जयजयकार करत होती. बयजा मात्र नात घेऊन ठाण्यावर गेली.

"रावसाहेब, निकाल आज आला. आम्हाला मानानं वागवायला तुम्ही त्याची वाट पाहिली नाहीत."

ठाणेदारानं मान खाली घातली. "पाहिली, बाई. तीन दिवस पाहिली. ते तीन दिवस माझ्या मनातून जात नाहीत."

बयजानं नात त्याच्या हातात दिली. "तुम्ही नंतरचे दिवस आठवा. मीही तेच आठवते."

तात्पर्य इतकंच: आसरा द्यायचा की नाही हे ठरवायला वेळ लागला तर लागू दे, दारी आलेल्याला मान द्यायला एक दिवसही लावू नये.