खेकड्याची दोरी कोणाच्या हाती

नदी जिथे कोपरासारखी वळते, तिथल्या जंगलात प्राण्यांच्या पिल्लांची एक शाळा होती, आणि त्या शाळेत एक मुंगूस शिकत असे. शाळेचे गुरुजी म्हणजे एक म्हातारे कासव. ते हळू चालत, हळू बोलत, आणि कोणी चुकून रडू लागले तर आधी त्याला पाणी पाजत. शिकवायचे ते नंतर.

मुलांनो, त्या शाळेतल्या पिल्लांनी बांबूचा एक मोठा खेकडा तयार केला होता. खराखुरा नव्हे, यंत्राचा. सावरीच्या खोडाच्या चकत्या कापून त्याला चाके लावली होती. पुढे बांबूच्या दोन कांबींची नांगी होती. पाठीतून अंबाडीच्या तीन लांब दोऱ्या निघत. डावी ओढली की खेकडा डावीकडे वळे, उजवी ओढली की उजवीकडे, आणि दोन्ही एकदम ओढल्या की सरळ पुढे जाई. तिसरी दोरी नांगीची. ती ओढली की नांगी मिटे, सोडली की उघडे. दुरून दोऱ्या धरून खेकडा चालवणाऱ्याला सगळे चालक म्हणत.

दरवर्षी आवळे पिकले की नदीपलीकडच्या वानरांच्या शाळेशी मोठी स्पर्धा होई. त्यांच्याकडेही त्यांचे यंत्र होते. मैदानभर आवळे पसरत. यंत्राने ते एकेक उचलून समोरच्या टोपलीत टाकायचे. तळाला भोक पाडलेली करवंटी पाण्यावर सोडत, आणि ती भरून बुडाली की डाव संपे. असे तीन डाव. जो जिंकेल त्या शाळेला नदीकाठचे सपाट मैदान वर्षभर मिळे. तिथे करंजाची दाट सावली होती. हरलेल्या शाळेने वर कातळावर जायचे. कातळ उन्हात असा तापे, की धाकट्या पिल्लांचे पाय भाजत आणि ती धडा ऐकता ऐकता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहत.

कासव गुरुजींच्या शाळेचा चालक मुंगूस. त्याच्याइतक्या चपळाईने दोऱ्या ओढणारे दुसरे कोणी नव्हते. म्हणून सरावातही तोच चालक आणि स्पर्धेतही तोच. खारीने दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, साळिंदराने पलीकडे उभे राहून टोपली धरायची, असे ठरूनच गेले होते. ते ठरवले कोणी, हे कोणाला आठवत नव्हते.

मागच्या स्पर्धेत दोन डावांत बरोबरी झाली. तिसऱ्या डावात मुंगसाचा पंजा सुजला होता. अंबाडीची दोरी घासून कातडी निघाली होती. मुंगसाने ते कोणाला सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. शेवटचा आवळा नांगीत होता, टोपली चार पावलांवर होती, आणि त्याच्या हातून दोरी निसटली. करवंटी बुडाली. ते सगळे वर्ष शाळा कातळावर भरली.

उन्हाळा आला. उन्हाळ्यात आसपासच्या जंगलांत लहान लहान चढाओढी होत. त्यांत हरले तरी मैदान जात नसे आणि जिंकले तरी मिळत नसे. मुंगूस नेहमीप्रमाणे दोऱ्यांना तेल लावायला बसले. तेव्हा गुरुजी म्हणाले, की यंदा उन्हाळ्यात चालक पाळीपाळीने होतील. एका चढाओढीला एकच चालक. तो जिंको की हरो, मध्येच त्याच्या हातून दोरी काढून घ्यायची नाही. पुढच्या वेळी त्याने गुंता सोडवायचा, गुंता सोडवणाऱ्याने टोपली धरायची, आणि टोपलीवाल्याने चालक व्हायचे.

खार घाबरली. साळिंदर म्हणाले, की आपल्याला टोपली धरायला आवडते, उगीच कशाला. मुंगसाची शेपटी फुगली.

पहिली चढाओढ रानडुकरांच्या पिल्लांशी होती. चालक खार. दोऱ्यांना जागोजागी गाठी मारलेल्या होत्या, पण त्या मुंगसाच्या हाताच्या मापाने. खारीला एका गाठीवरून दुसऱ्या गाठीपर्यंत उडी मारावी लागे. त्यात तिच्यामागे गुंता सोडवायला मुंगूस. ते दोऱ्यांकडे बघतच नव्हते. डावी ओढ, आता सोड, सोड म्हटलं ना, असे तिच्या कानाशी सारखे चालले होते. खेकडा थांबत थांबत, दचकत गेला. निंबाच्या फांदीवर एक कावळा बसला होता. तो म्हणाला, "काय गं खारूताई, खेकडा चालवतेस की विहिरीचं पाणी शेंदतेस?" सगळे हसले. खारीची शाळा नऊ आवळ्यांनी हरली.

घरी येताना मुंगूस गुरुजींच्या बरोबरीने चालू लागले. मनातून त्याला थोडे बरेही वाटत होते. ते म्हणाले, "गुरुजी, मी असतो तर जिंकलो असतो."

"जिंकलोच असतो," गुरुजी म्हणाले. "आणि आवळे पिकले की पुन्हा तुझ्या एकट्याच्या पंजावर आलो असतो. दाखव बघू तो."

मुंगसाने पंजा मागे लपवला. जुनी खूण अजून गेली नव्हती.

मग गुरुजींनी खारीला पाणी पाजले आणि अडचण काय आली ते विचारले. ती म्हणाली, "दोरी हाताशी बोलत होती, आणि हा कानाशी. मी कोणाचं ऐकू?"

त्या दिवसापासून चालकाच्या मागे बोलायचे नाही असा नियम झाला. दोऱ्यांच्या जुन्या गाठी सोडून नव्या, जवळजवळ मारल्या. मुंगूस त्या गाठी मारायला बसले खरे, पण सगळ्यांकडे पाठ करून.

दुसरी चढाओढ भेकरांच्या शाळेशी. चालक साळिंदर, गुंता सोडवायला खार, आणि मुंगूस टोपलीपाशी. मुलांनो, मुंगूस आजवर खेकड्याच्या मागेच उभे राहिलेले. खेकडा समोरून येताना कसा दिसतो हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. साळिंदर दोन्ही दोऱ्या सारख्या ओढत होते, अगदी सावकाश आणि अगदी सारख्या. तरी खेकडा सरळ येईना. दर चार पावलांनी तो उजवीकडे कलंडत होता. मुंगसाला वाटले, साळिंदर चुकते आहे. मग त्याने नीट पाहिले. चूक दोरीची नव्हती, चाकाची होती. उजवे चाक एका बाजूने झिजून चपटे झाले होते.

मुंगसाने आपल्या डाव्या पंजाकडे पाहिले. सुजला होता तो हाच पंजा. मागच्या स्पर्धेच्याही आधीपासून ते डावी दोरी उजवीपेक्षा थोडी जास्त ओढत आले होते. ते आपले कसब आहे असे त्याला वाटे. खरे तर झिजलेल्या चाकाची उणीव ते पंजाने भरून काढत होते. आणि खेकडा त्याच्या हाती नेहमी सरळ चाले, म्हणून चाक कोणी तपासलेच नव्हते.

ती चढाओढही शाळा हरली. पण त्या दिवशी साळिंदराला टोमणा बसण्याआधीच मुंगूस पुढे झाले आणि सगळ्यांना चाकापाशी घेऊन गेले. गुरुजींनी वाकून चाक फिरवून पाहिले आणि ते म्हणाले, "साळिंदरा, तू सारखं ओढलंस म्हणून हे दिसलं."

साळिंदराचे काटे आनंदाने खुळखुळले. आजवर त्याच्या सावकाशपणाचे कोणी नाव घेतले नव्हते.

नवे चाक बसवले. तिसऱ्या चढाओढीत पाळी मुंगसाची. या खेपेला चाक नवे, चालक कसलेला, सगळे निर्धास्त. मुंगसाने दोऱ्या ओढल्या, आणि खेकडा डावीकडे वळला. पुन्हा ओढल्या, पुन्हा डावीकडे. मैदानाच्या मधोमध तो गोल गोल फिरू लागला. डाव्या पंजाची जुनी सवय कशी जाणार? कावळा त्या दिवशीही आला होता. तो म्हणाला, "अहो चालक, घाणा लावलात का? तेल कधी काढणार?"

मुंगसाला रडू आले. त्याला आठवले, की मधेच दोरी काढून घ्यायची नाही असा नियम आहे. त्या नियमाचा त्याला राग आला होता, आता त्याच नियमाने त्याच्या हातात दोरी राहिली होती. मागे गुंता सोडवायला साळिंदर होते. ते नियमाप्रमाणे काही बोलले नाही, पण त्याने दोऱ्या अशा मोकळ्या करून दिल्या, की कुठेही ताण राहिला नाही. डाव संपेपर्यंत खेकडा कसाबसा सरळ चालू लागला. हरायचे ते हरलेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुंगूस खारीच्या झाडाखाली जाऊन बसले. ती उतरली तेव्हा ते म्हणाले, "खारूताई, तू दोऱ्या कशा ओढतेस ते मला दाखव."

"मी?" खार म्हणाली. "नऊ आवळ्यांनी हरलेली?"

"मी अकरांनी हरलोय."

मग दोघे हसली. खार तशी हलकी, तिच्या अंगात जोर नव्हता. त्यामुळे ती दोरी ओढण्याआधी थांबे आणि खेकडा आपल्याच वेगाने जितका जाईल तितका जाऊ देई. ते मुंगसाने तिच्याकडून घेतले. नांगी पटकन मिटायची कशी, हे खारीने मुंगसाकडून घेतले. साळिंदर दोघांना चाके तपासायला शिकवत असे. चौथी चढाओढ खारीने जिंकून दिली. पाचवी साळिंदराने एका आवळ्याने घालवली, पण तोवर जिंकलो की हरलो हे सगळे मोजत असले, तरी त्यावरून कोणी कोणाला बोल लावत नव्हते.

पावसाळा गेला. आवळे पिवळसर हिरवे झाले. मोठ्या स्पर्धेचा दिवस आला तेव्हा गुरुजी म्हणाले, की आज पाळी नाही. आज मैदान पणाला लागले आहे. तिघांनी मिळून ठरवावे, कोणता डाव कोणी खेळायचा. तिघे बाजूला गेली आणि लगेच परत आली. मुंगूस अजूनही सगळ्यांत जलद होते, म्हणून पहिला आणि तिसरा डाव मुंगसाचा, मधला साळिंदराचा. हे खारीनेच सुचवले होते.

पहिला डाव मुंगसाने जिंकला. दुसरा वानरांनी, तोही जेमतेम. कातळावरून धाकटी पिल्ले खाली उतरून आली होती आणि एका ओळीत बसली होती. तिसऱ्या डावाची करवंटी पाण्याशी आणली. मुंगसाने दोऱ्या हातात घेतल्या, आणि पंजात कळ गेली. वानरांना गाठायच्या घाईत पहिल्या डावात जुनी जखम पुन्हा उघडली होती.

मागच्या वर्षी ते इथेच गप्प राहिले होते. पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक होते. मुंगसाने ओळीत बसलेल्या पिल्लांकडे पाहिले. त्याला एकदा वाटले, दात आवळून हा एक डाव निभावून नेऊ. मग त्याने पंजा उघडून पुढे धरला.

"गुरुजी, माझा पंजा गेलाय. खारीला द्या."

वानरांकडून कोणी तरी हसले. एवढीशी खार, म्हणाले. गुरुजींनी होकाराची मान हलवली. खारीने दोऱ्या घेतल्या, गाठी एकदा हाताने चाचपल्या आणि म्हणाली, "टोपली तू धर. समोर तू असलास म्हणजे मला बरं."

करवंटी पाण्यावर सोडली. खार घाई करीत नव्हती. ओढे, थांबे, जाऊ देई. आवळे टोपलीत पडू लागले. वानरांचे यंत्र धडधडत पुढे मागे पळत होते आणि त्यातले आवळे वाटेत सांडत होते. शेवटी दोन्ही टोपल्यांत सारखेच आवळे झाले. करवंटी काठोकाठ भरत आली. खेकड्याच्या नांगीत एक आवळा होता आणि टोपली चार पावलांवर होती.

खार थांबली. मुंगसाच्या तोंडाशी शब्द आला होता. ओढ. त्याने तो गिळला आणि टोपली घट्ट धरली. खेकडा आपल्या वेगाने एक पाऊल आला, दुसरे आला. मग खारीने दोन्ही दोऱ्या एकदम ओढल्या, आणि खेकडा टोपलीशी पोचताच नांगीची दोरी सोडली. आवळा टोपलीत पडला. त्यानंतर करवंटी बुडाली.

धाकटी पिल्ले धावत सुटली, ती थेट करंजाच्या सावलीत जाऊन लोळू लागली. कावळा फांदीवरून उतरला आणि या शाळेचा चालक नक्की कोण, असे विचारू लागला. गुरुजी मुंगसाच्या पंजाला पाला बांधत होते.

खार दोऱ्या गुंडाळून घेऊन आली आणि मुंगसापुढे धरून म्हणाली, "घे, तुझ्या आहेत."

"राहू दे तुझ्याकडेच," मुंगूस म्हणाले. "उद्या मैदानावर सराव आहे. साळिंदराची पाळी. त्याला दे."

तात्पर्य : ज्या दिवसांत हरलेले चालते, त्या दिवसांत दोरी सगळ्यांच्या हाती द्यावी, म्हणजे ज्या दिवशी हरून चालत नाही, त्या दिवशी एकाचा हात दुखला तरी दुसऱ्याचा तयार असतो.