गप्प कोण?

“माय, दोन असताना एक गप्प का बसतं? सांगा की!”

विश्वंभर धापा टाकत टेकडी चढून आला होता. चप्पल कुठे काढली याचंही भान नाही. मठाच्या ओसरीवर येसूमाय जात्यापाशी बसल्या होत्या. उद्या मठात भंडारा, त्याआधी प्रवचन. ते आपल्यालाच मिळावं म्हणून या पठ्ठ्याचा जीव वरखाली होत होता. कॉलेजात जीवशास्त्र शिकलेला, मायचा लाडका शिष्य. आणि लाडका आहोत हे त्याला पक्कं ठाऊक, तीच तर पंचाईत!

“कोण गप्प बसतं रे?”

“एक्स, माय! एक्स नावाचं गुणसूत्र. बाईच्या पेशीत दोन, पुरुषाच्या पेशीत एकच. मग बाईत त्याचं काम दुप्पट व्हायला हवं ना? नाही होत! दोघांतलं एक गप्प होतं. झाली बरोबरी!”

मायचे डोळे चमकले. “अगंबाई! नेहमी तेच एक?”

“छे! या पेशीत हे, तर त्या पेशीत ते. आधी ठरलेलं काही नसतं. ही आपली मनी बघा ना, कुठे काळी, कुठे तांबडी. मांजराचा हा रंग एक्सवरच ठरतो. काळ्या ठिपक्यात एक गप्प, तांबड्यात दुसरं!”

पिठाच्या कडेला पसरलेल्या मनीकडे माय कौतुकानं बघत राहिल्या.

“भारीच की रे! ये, धर खुंटा. दळता दळता सांग.”

विश्वंभर समोर बसला. दोघांनी खुंटा धरला. जातं फिरू लागलं.

“आणि फळमाशीत तर उलटंच, माय! तिथे गप्प कुणीच नाही. नराचं एकटं एक्स दुप्पट राबतं. दुप्पट!” त्यानं दोन्ही हात पसरून दाखवलं.

“हं...”

“उद्या हेच सांगणार मी. आपल्यात बाईला निसर्गानंच निम्मं गप्प बसवलंय. तेव्हा बोलायचं ते पुरुषानं. कसं वाटतं? लोक नुसते बघत राहतील!”

जातं फिरतच होतं. जात्याभोवती पीठ पडत होतं.

“माय... बोला ना काहीतरी.”

मायनी खुंटा सोडला.

जातं थांबलं.

विश्वंभरनं खाली पाहिलं. त्याचे दोन्ही हात अजून हवेतच होते.

“अरेच्चा! मी खुंटा कधी सोडला?”

“फळमाशी आली तेव्हा.”

“पण पीठ तर तेवढंच पडत होतं...”

“पडत होतं खरं.”

तो कानापर्यंत लाल झाला.

“म्हणजे... उद्याचं प्रवचन मला नाही?”

माय खळखळून हसल्या. ज्वारीची मूठ जात्यात टाकली आणि खुंट्याची अर्धी बाजू त्याच्यासाठी मोकळी ठेवली.

“दोघंही बसू रे. गप्प कोण राहणार, ते आत्तापासून कशाला ठरवायचं?”