मानाचा चेंडू

कोणे एके काळी रानातले प्राणी झाडाला टांगलेल्या टोपलीत चेंडू टाकायचा खेळ खेळत. जिंकेल त्याला उन्हाळाभर पाणवठा, असा नेम होता. वानरं सारखी हरत आणि त्यांची पिल्लं तहानलेली राहत.

"अक्का, तुमच्यासारखं खेळतं कोण!" घरची वानरं म्हणत. त्यांची म्हातारी पुढारीण गोदाक्का मात्र पलीकडच्या काठावरच्या बगळ्याकडे गेली. "दादा, आमचं मन राखू नका. चुकतं कुठे?"

"रागावू नका, अक्का. टोपली समोर असली तरी सगळे चेंडू आधी तुम्हालाच देतात, मानाचा म्हणून."

गोदाक्काचे डोळे भरले, पण तिने बगळ्याला नमस्कार केला.

पुढच्या सामन्यात टोपलीखाली उभ्या असलेल्या सोनकी नावाच्या तरुण वानरीने चेंडू गोदाक्कापुढेच धरला. गोदाक्काने हात पाठीमागे घेतले. "बाळ, टोपली तुझ्या डोक्यावर आहे. टाक."

त्या संध्याकाळी पिल्लं पोटभर पाणी प्याली. असा खरं बोलणारा देवाने तुम्हांआम्हांलाही भेटवावा.