मी अजून टिचकी मारलीच नाही

मडकी बोलायची त्या काळातली गोष्ट. आठवडी बाजारात एक माठ होता, भट्टीतच चीर गेलेला. त्यानं चिरेत लाख भरली, वर मोर रंगवून घेतला आणि "अस्सल माठ! पाणी गारेगार!" म्हणून सकाळपासून नुसता कालवा मांडला. शेजारचा साधा माठ एवढंच सांगे, "बूड जरा तिरकं आहे माझं, चुंबळ लागेल. पण वाजवून बघा."

चांगुणाबाई आली. तिनं साध्या माठाला टिचकी मारली. टण्ण! मग ती मोराच्या माठाकडे वळली.

"काय देखणा आहे गं बाई! बघू, वाजतो कसा."

रंगाखाली माठाला घाम फुटला. तिनं बोट वाकवलं मात्र, तो तोंड वासून ओरडला, "टण्ण!"

चांगुणाबाईचं बोट हवेतच राहिलं.

"अरे मेल्या," ती कशीबशी म्हणाली, "मी अजून टिचकी मारलीच नाही!"

मग ती सावकाश साध्या माठाकडे वळली. "आणि तू रे? मघाशी तू वाजलास, की ओरडलास?"

साध्या माठाची वाचाच बसली.

तेव्हापासून माठ बोलत नाहीत. नुसते वाजतात.