पाच पत्रांचा अपघात

जिल्हा रुग्णालयातल्या एक्स-रे यंत्राचं बटण अडकायचं. बोट काढलं तरी किरण चालूच. तंत्रज्ञ सुमित्रा गवारे यांनी पाच पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. बटण अडकलं, आणि टेबलावरच्या म्हाताऱ्याला ओढून काढताना बाईंनी किरण स्वतःच्या अंगावर घेतले.

उपचारासाठी रजा मागितली, तर म्हणे चौकशी. चौकशीला कोण, तर टिपरे साहेब. पत्रं ज्यांच्याकडे जायची तेच. त्यांनी चष्मा पुसून नियम वाचला.

"अपघात म्हणजे कुणाला कल्पना नसताना घडलेली घटना. तुम्हाला तर कल्पना होती, पाच पत्रं आहेत तुमची. तेव्हा हा अपघात नव्हे. रजा नामंजूर."

अशा माणसाशी कोण डोकेफोड करणार? बाई शांतपणे म्हणाल्या, "पटलं साहेब. तसंच लिहून द्या. हा अपघात नव्हे, कारण पाच वेळा आधी कळवलं होतं. पोच म्हणून पाचही पत्रांवर तुमचीच सही आहे, खाली सहावी करा. अपघात नसेल तर याला काय म्हणतात, ते मी पोलीस ठाण्यात विचारते."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी नियम पुन्हा वाचायला घेतला. या वेळी त्यांना त्यात अपघात सापडला.